घरचा वायफाय: राउटर निवडताना, बसवताना आणि सुरक्षित करताना

वेग मिळत नाही म्हणून प्लॅन वाढवण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. लॅपटॉपचा वायफाय बंद करून तो लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग केबल काढून राउटरपासून दोन मीटरवर बसून वायफायवर मोजा. शेवटी, जिथे अडतं त्या खोलीत जाऊन दार लावून मोजा. केबलवरच वेग कमी असेल तर आधी लाइन तपासायची. केबलवर आणि राउटरजवळ पूर्ण वेग मिळतोय, पण आतल्या खोलीत पडतोय, तर दोष जागेचा. मोठा प्लॅन घेऊन तो जाणार नाही. आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन असताना केबलवर ९४-९५ च मिळत असतील, तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे किंवा केबल खराब आहे. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. त्यामुळे केबलच्या टोकाला प्लग बसवताना (क्रिम्पिंग) एक तार नीट बसली नाही तरी जोडणी काही न सांगता १०० वर उतरू शकते. असे कित्येक राउटर उगाच बदलले जातात.

घेताना काय बघायचं

आपल्याकडे शहरांत आता बहुतेक घरांत फायबर थेट आत येते आणि ती ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. त्यातच वायफाय असतो. घर वन बीएचकेचं असेल आणि ओएनटी मध्यावर असेल, तर वेगळा राउटर घेण्याची गरज नाही. फक्त सेटिंग नीट करा. राउटर घ्यायचाच असेल तर सगळ्यात आधी खोक्यावर वॅन (इंटरनेट आत येतं ते) आणि लॅन (घरातली उपकरणं जोडायची ते) पोर्टचा वेग वाचा. 'एसी १२००' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या अनेक स्वस्त राउटरची पोर्ट १०० एमबीपीएसची असतात. तो १२०० हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ अशी दोन बँडची (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांची) कागदावरची बेरीज आहे. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो आणि प्रत्यक्षात त्याला त्या बँडच्या आकड्याच्या जेमतेम निम्मा-साठ टक्के वेग मिळतो.

आज घेणाऱ्याने गिगाबिट पोर्ट असलेला, वायफाय ६ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असलेला, दोन बँडचा राउटर घ्यावा. 'एएक्स १५००' दर्जाचा राउटर ३०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला पुरतो. अँटेना चार आहेत की सहा, यावर रेंज ठरत नाही. प्रसारणाच्या ताकदीला कायद्याची मर्यादा सगळ्यांनाच सारखी आहे. त्यापेक्षा कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधी आलं ते बघा. दोन वर्षांत एकही अपडेट आलेलं नसेल तर तो राउटर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

अमेरिकेतून कुणी नातेवाईक राउटर आणणार असेल तर मॉडेल आधी विचारून घ्या. तिकडे केबल टीव्हीच्या तारेवर चालणारे मोडेम-राउटर पुष्कळ असतात. ते इथल्या फायबरला जोडता येत नाहीत. अडॅप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर तो इथल्या प्लगमध्ये लावूच नका.

जागा

इथे थोडा वेळ घाला, कारण निम्मा प्रश्न इथेच सुटतो. फायबर घरात येते ती दाराजवळ किंवा टीव्हीमागे, आणि राउटर तिथेच टीव्हीच्या कपाटात जाऊन बसतो. टीव्हीचा पत्रा, कपाटाचं दार आणि शेजारी सेट टॉप बॉक्स, असे तीन अडथळे पहिल्याच फुटात येतात. राउटर घराच्या मध्याजवळ, मोकळ्यावर, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर हवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज आणि पाण्याची टाकी यांच्या आड नको. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून तर नकोच.

विटांची चार इंची भिंत ५ गिगाहर्ट्झला सोसते. आरसीसीचा कॉलम, बीम, लिफ्टची भिंत सोसत नाही. सळयांची जाळी लहर अडवते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंतींची घरं आहेत, त्यांत एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झची आशा सोडावी आणि प्रत्येक भागात केबल न्यावी. दुमजली घरालाही हेच लागू: स्लॅबमधून वायफाय ढकलण्यापेक्षा जिन्याच्या डक्टमधून कॅट ६ केबल वर नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा) लावा. केबल पूर्ण तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. वीजेच्या तारांच्या पाइपातून लॅन केबल ओढू नका.

दुकानात 'रिपीटर' सुचवला जाईल. तो बहुधा एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेश (एकच नेटवर्क मिळून पसरवणारी दोन-तीन युनिट) घेतलात तरी दोन युनिटमध्ये केबल टाकता आली तर जरूर टाका. केबल अशक्यच असेल तर दुसरं युनिट रेंज संपते तिथे ठेवू नका, रेंज अजून चांगली आहे अशा अर्ध्या वाटेवर ठेवा.

ओएनटी हलवायचा असेल तर फायबरची पॅचकॉर्ड लांब घ्या. हिरवं कनेक्टर तिरक्या टोकाचं असतं, निळं सरळ टोकाचं. दोन्ही एकमेकांत घुसतात, पण सिग्नल पडतो. जसं होतं तसंच परत लावा. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वेटोळं करू नका, खिळ्याने ठोकू नका आणि उघड्या टोकात डोकावू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही. ओएनटीवर 'लॉस'चा (एलओएस) दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी राउटर रीसेट करून काही उपयोग नाही, उलट सेटिंग जातील.

जोडणी

ओएनटी आणि तुमचा राउटर दोघंही राउटरचं काम करू लागले की घोटाळा होतो: दोन वायफाय, दोन नेटवर्क, आणि एका नेटवर्कवरच्या प्रिंटरला दुसऱ्यावरचा फोन सापडत नाही. ओएनटीवरून लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ओएनटीलाच राउटर राहू द्या आणि तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तसं काही नसेल तर कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर (तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देतो) करायला सांगा. दोन्हींत ओएनटीचा वायफाय बंद करा. ब्रिज मोडसाठी पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन आयडी (लाइनसाठी भरायचा एक क्रमांक) कंपनीकडून आधी लिहून घ्या.

१. नवा राउटर पहिल्यांदा इंटरनेटला न जोडता चालू करा. लॅपटॉप केबलने जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

२. सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा.

३. आता ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल राउटरच्या वॅन पोर्टला लावा आणि जोडणीचा प्रकार निवडा. स्थानिक केबलवाल्याची लाइन असेल आणि सगळं बरोबर भरूनही इंटरनेट येत नसेल, तर त्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. फोन करून नवा नोंदवा, किंवा राउटरमधल्या मॅक क्लोनमध्ये जुना पत्ता भरा.

४. फर्मवेअर अपडेट करा. या काळात लाइट गेली तर राउटर निकामी होऊ शकतो, म्हणून तो बॅकअपवर असतानाच करा.

५. सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा.

चॅनेल आपोआप निवडण्यावर सोडलं तर चालतं, पण दाट वस्तीच्या सोसायटीत स्वतः निवडलेलं बरं. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ यांपैकी सर्वांत मोकळं चॅनेल घ्या. हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत. शेजारी गर्दी आहे म्हणून ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडचा गोंधळ अंगावर येतो. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८० ठेवून ३६ ते ४८ किंवा १४९ पासूनचा गट घ्या. ५२ ते ६४ मध्ये राउटरला आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो. चालू होताना मिनिटभर ५ गिगाहर्ट्झ दिसलाच नाही तर कारण हेच. स्मार्ट बल्ब आणि बरेच कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. ते जोडले जात नसतील तर दोन बँडना तात्पुरती वेगळी नावं द्या.

सुरक्षा

डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत २००१ पासूनच फुटलेली आहे. सगळी उपकरणं नवी असतील तर डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी असतील तर डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र. डब्ल्यूपीए२ मध्ये 'एईएस' निवडा. 'टीकेआयपी' निवडलंत तर सुरक्षाही कच्ची आणि वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवण्याची सवय घरोघर आहे आणि ती मोडायलाच हवी. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जातानाचा संवाद बाहेरचा माणूस हवेतून टिपू शकतो आणि घरी बसून त्यावर पासवर्डचे अंदाज चालवू शकतो. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ पासून सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. गेमिंगचं साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासतं. हा ढीग काही तासांत संपतो. आडनाव आणि फ्लॅट नंबर असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, पाटा-भरती-तिकीट-सांडगे अशा धर्तीवर (हेच मात्र नको), आणि मध्ये कुठेतरी एक आकडा टाका. घरातल्या आजींनाही लक्षात राहतो. नेटवर्कच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा आणि उरलेले सात चार आणि तीन असे वेगवेगळे तपासले जातात. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही त्रुटी २०११ च्या अखेरीस उघड झाली, तरी ती सोय अजून पुष्कळ राउटरवर चालू अवस्थेत येते. बाहेरून राउटर चालवण्याची रिमोट मॅनेजमेंटची सोय बंद ठेवा. यूपीएनपीही (घरातल्या उपकरणांना राउटरमधून बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा; एखादा ऑनलाइन गेम अडला तरच चालू करा.

नाव लपवणं आणि मॅक फिल्टर यांवर वेळ घालवू नका. लपवलेलं नाव फोन जोडला जाताना हवेत दिसतंच, आणि मॅक पत्ता नक्कल करता येतो. शिवाय आताचे फोन मॅक बदलत राहतात, तेव्हा फिल्टरमुळे घरचीच माणसं बाहेर राहतील.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वापरा आणि कॅमेरे, स्मार्ट टीव्ही, बल्ब हेही त्यावरच टाका. २०१६ मध्ये 'मिराय' मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्डही आजच बदला. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर असेल तर अनेक मॉडेलमध्ये गेस्टला मुख्य नेटवर्क दिसतं. गेस्टवरून ॲडमिनचं पान उघडतं का ते स्वतः करून बघा. वायफायच्या क्यूआर कोडमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

लाइट गेली की

फायबर चालू असते, पण ओएनटी आणि राउटर झोपतात. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस दोन्ही चालवतो. त्यावर लिहिलेले ८,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. घट धरून २५ हाती येतात. दोन्ही उपकरणं मिळून १२ वॉट खात असतील तर दोन तास. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. एखादं ९ व्होल्टचं असतं आणि त्याला १२ दिले तर ते जळतं.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल घरात आली असेल तर तिच्यातून येते, म्हणून वॅनची केबलही काढा.

जुना राउटर विकताना किंवा कुणाला देताना बारीक भोकातलं रीसेट बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि मग ॲडमिनचं पान उघडून तुमचं पीपीपीओईचं युजरनेम पुसलं गेलंय ना ते बघा.