भोपाळची बातमी, राजेंद्रनगरचा कागद: आठवड्याचा सरकारी गोषवारा कसा लिहावा

दर रविवारी सकाळी इंदूरमधल्या आमच्या राजेंद्रनगरातल्या मंडळाच्या फळ्यावर मी एक कागद लावते आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. मध्य प्रदेश सरकारने आठवडाभरात काय ठरवलं, त्यातलं आपल्या घरापर्यंत काय येणार आणि केव्हा, एवढंच त्यात असतं. मी सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पत्रकारितेशी माझा कधीच संबंध आला नाही. सुदामानगर आणि लोकमान्यनगरातल्या दोघीतिघींनी विचारलं की आमच्याकडेही असं सुरू करायचं तर कसं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी राज्य बघा

बातमी हातात आली की ती कुठल्या राज्याची आहे, हे सगळ्यात आधी बघायचं. आपण इंदूरचे मराठी लोक राहतो भोपाळच्या सरकारखाली, पण मराठीत वाचायला मिळतात त्या बातम्या मुंबई-पुण्याच्या. पुण्याची भाची, ठाण्याचा दीर, नाशिकचे व्याही, सगळे प्रेमाने मेसेज पाठवत असतात. त्यात ‘लाडकी बहीण’ असते आणि आपल्याकडे आहे ‘लाडली बहना’. दोन्ही बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणाऱ्या योजना, नावं सारखी, नियम वेगळे. महाराष्ट्राची योजना २०२४ मध्ये आली, वयाची अट २१ ते ६५. आपली त्याआधीची. पहिला हप्ता १० जून २०२३ ला १,००० रुपयांचा जमा झाला, त्याच वर्षी १,२५० झाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५००. वयाची अट २१ ते ६०. आता दोन्हीकडची रक्कम सारखी झाल्यामुळे गोंधळ जास्तच होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना साठ पूर्ण झाल्यावर पैसे यायचे थांबले आणि नेमका त्याच महिन्यात ठाण्याहून मेसेज आला की मर्यादा पासष्ट आहे. त्या बिचाऱ्या उन्हातान्हात तीन चकरा मारून आल्या.

बसचंही तसंच. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे. ते वाचून कुणी महेश्वरच्या बसमध्ये अर्धे पैसे पुढे केले, तर कंडक्टर कसे घेईल? आपल्या राज्याचं परिवहन महामंडळ २००५ मध्येच बंद झालं, तेव्हापासून बस खासगी. म्हणून माझ्या कागदावर डोक्यालाच ठळक अक्षरांत ‘फक्त मध्य प्रदेश’ असं लिहिलेलं असतं. केंद्राची योजना असेल तर तिच्यापुढे ‘दिल्ली’ असा शब्द टाकते. उदाहरणार्थ, शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला ६,००० रुपये येतात ते पीएम किसानचे, म्हणजे दिल्लीचे. त्यावर आणखी ६,००० येतात ते मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे, म्हणजे भोपाळचे. गावी शेती असलेल्याला हा फरक कळला, की हप्ता अडकल्यावर कुठे विचारायचं हेही कळतं.

आठवडा कसा लावायचा

मंत्रिमंडळाची बैठक बहुतेक मंगळवारी असते. बैठक संपली की एखादे मंत्री पत्रकारांना निर्णय सांगतात आणि संध्याकाळपर्यंत जनसंपर्क विभागाचं निवेदन येतं. मी आधी ते निवेदन वाचते, बुधवारचा पेपर त्यानंतर. पेपरात मथळ्यासाठी एकच निर्णय उचललेला असतो. निवेदनाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत मात्र पुष्कळदा पेन्शन, फी, मुदतवाढ असलं काहीतरी असतं आणि आपल्या लोकांच्या कामाचं तेच. शुक्रवारी मध्य प्रदेश राजपत्राचा साप्ताहिक अंक निघतो, ‘असाधारण’ अंक मात्र कोणत्याही दिवशी येऊ शकतो. विधानसभेचं अधिवेशन चालू असेल त्या आठवड्यात आमदारांच्या प्रश्नांना मिळालेली लेखी उत्तरंही चाळा. आपल्या भागातल्या रस्त्याचं किंवा दवाखान्याचं नेमकं काय झालं, हे भाषणात सापडत नाही ते तिथे सापडतं.

वही एकच ठेवा, दोनशे पानी, डाव्या पानावर बातमी आणि उजवं पान कोरं. उजव्या पानाचं काम पुढे येतंच.

बातमी कुठल्या पायरीवर आहे

या सगळ्या खटाटोपातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मंत्र्यांनी मंचावरून सांगितलं ती घोषणा. मंत्रिमंडळाने मान्य केलं तो निर्णय. खात्याने क्रमांक आणि तारीख घालून कागद काढला तो आदेश, आणि कायदा असेल तर विधानसभा, राज्यपाल, राजपत्र हा सगळा प्रवास बाकी असतो. मग कुठे अर्ज सुरू होतात किंवा पैसे जमा होतात. या चार पायऱ्यांमध्ये आठवडे जातात, कधी वर्षं जातात. वाचणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी वाटतं की झालं. मी प्रत्येक बातमीपुढे चौकटीत एक अक्षर लिहिते: घो, नि, आ, ला. ‘ला’ म्हणजे लागू.

२० मे २०२५ ला मंत्रिमंडळाची बैठक चक्क आपल्या राजवाड्यात भरली होती, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने. त्या दिवशी महानगर क्षेत्राच्या कायद्याचा मसुदा मंजूर झाला आणि संध्याकाळी मला पाच फोन आले. देवास, उज्जैन, धार आता इंदूरमध्ये आलं का, घरपट्टी वाढणार का, देवासचा प्लॉट विकू की ठेवू? मी त्या रविवारी लिहिलं ते असं: “नि. महानगर क्षेत्राच्या कायद्याच्या मसुद्याला मंजुरी. अजून विधानसभेत यायचा आहे. आज तुमच्या घरपट्टीत, नळात, पत्त्यात काहीही बदल नाही. या बातमीवरून जमिनीचा व्यवहार करू नका.” ऑगस्टमध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हा त्याच डाव्या पानासमोर, उजव्या पानावर, तेवढी तारीख टाकली. उजवं पान असतं ते यासाठी.

बीआरटीएसची, म्हणजे शहर बससाठी रेलिंग लावून राखलेल्या वेगळ्या मार्गाची, गोष्ट तर तुम्ही रोज एबी रोडवरून जाताना पाहिलीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढणार म्हणून सांगितलं, फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी उच्च न्यायालयाने परवानगी दिली, एका रात्रीत रेलिंग तोडल्याचे फोटोही आले, आणि त्यानंतर काम महिनोन् महिने रेंगाळलं. ‘बीआरटीएस हटली’ असं मी एकदाही लिहिलं नाही. दर वेळी कुठून कुठपर्यंत हटली ते लिहिलं.

आकड्यांचंही असंच आहे. जानेवारी २०२५ मध्ये महेश्वरच्या बैठकीत धार्मिक ठिकाणी दारूबंदी ठरली तेव्हा सगळीकडे ‘१७ शहरं’ असं छापून आलं. १ एप्रिलला लागू झाली तेव्हा यादी निघाली १९ ठिकाणांची, १३ नगरसंस्था आणि ६ ग्रामपंचायती. आकडा बदलला की दोन्ही आकडे आणि दोन्ही तारखा द्या. कोटींचा आकडा दिसला की तो किती वर्षांचा आहे हे शोधा. पाच वर्षांचा खर्च एकाच मथळ्यात घातलेला पुष्कळदा सापडतो.

महागाई राहत

आमच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त पेन्शनर आहेत, म्हणून या एका विषयाला मी जास्त जागा देते. काही वर्षांपूर्वी मी घाईघाईने लिहिलं की महागाई भत्ता वाढला, पेन्शनवाल्यांनाही मिळेल. समोरच्या बिल्डिंगमधले एक काका, वय ७९, मे महिन्याच्या दुपारी पासबुक घेऊन बँकेत गेले. काहीच जमा नव्हतं. पुढच्या महिन्यात परत गेले, परत तेच. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण जिन्यात भेटले तेव्हा त्यांच्या हातातलं पासबुक मी पाहिलं आणि त्या दिवसापासून तारखेशिवाय पैशाची बातमी लिहिणं सोडलं.

झालं होतं असं. निवेदनात ‘महँगाई भत्ता’ होता, तो नोकरीत असलेल्यांचा. पेन्शनरांना मिळते ती ‘महँगाई राहत’, आणि तिचा आदेश वेगळा निघतो. शिवाय १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, तेव्हाच्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ४९ मध्ये जुन्या पेन्शनचा भार दोन्ही राज्यांत वाटलेला आहे. त्यामुळे आपल्याकडे राहत वाढवायची तर छत्तीसगडची संमती मागवतात, आणि भोपाळहून रायपूरला गेलेलं पत्र परत येईपर्यंत पेन्शनर थांबतात. पंचवीस वर्षांनंतरही म्हातारी माणसं दोन सरकारांच्या पत्रव्यवहारावर बसून आहेत, याचा मला मनापासून राग येतो. गोषवाऱ्यात मी तो राग लिहीत नाही. तिथे फक्त तीन ओळी असतात: कर्मचाऱ्यांचा आदेश कोणत्या तारखेचा, पेन्शनरांचा निघाला की नाही, आणि निघाला असेल तर कोणत्या महिन्याच्या पेन्शनपासून. तिसरी ओळ रिकामी असेल तर ‘बँकेत जाऊ नका’ असं स्पष्ट लिहिते.

आदेशाचा फोटो ग्रुपवर आला तर आधी चार गोष्टी बघा. कोणत्या खात्याचा, क्रमांक, तारीख, आणि शेवटचं सहीचं पान आहे का. पैशाचा आदेश असेल तर तो वल्लभ भवनातल्या, म्हणजे भोपाळच्या मंत्रालयातल्या, वित्त विभागाचा हवा. शेवटचं पान नसलेला फोटो मी पुढे पाठवत नाही, मग तो कुणीही पाठवलेला असो.

सरकारी हिंदी आणि आपली मराठी

हिंदी आपल्याला घरच्यासारखी येते, आणि घोटाळा होतो तो त्याच भरवशावर. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ भलताच. ‘अधिनियम में संशोधन’ म्हणजे कायद्यात दुरुस्ती, मराठीतलं संशोधन नव्हे. ‘दावे-आपत्ति आमंत्रित’ म्हणजे हरकती मागवल्या आहेत, कुठलीही आपत्ती आलेली नाही. ‘स्कूल शिक्षा विभाग’ हे शालेय शिक्षण खातं. आमच्याकडे कल्याणहून नुकत्याच राहायला आलेल्या एका आजींनी ‘शिक्षा में सख्ती’ वाचून मला विचारलं होतं की मुलांना मारणार आहेत का. ‘अवकाश’ म्हणजे सुट्टी. ‘राजस्व’ म्हणजे महसूल, ‘पंजीयन’ म्हणजे नोंदणी, ‘आवंटन’ म्हणजे वाटप, ‘आपूर्ति’ म्हणजे पुरवठा. ‘सैद्धांतिक सहमति’ दिसली तर लिहा: तत्त्वतः मान्य, पैसे अजून मंजूर नाहीत. ‘कार्योत्तर अनुमोदन’ म्हणजे काम आधी झालं, मंजुरी मागून घेतली.

पण काही शब्द मराठीत आणायचे नाहीत. लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर ‘मूल निवासी प्रमाणपत्र’ असंच मागावं लागतं, अधिवास प्रमाणपत्र म्हटलं तर समोरचा माणूस बघत राहील. समग्र आयडी (राज्याने कुटुंबाला आणि माणसाला दिलेला क्रमांक), संपदा (मालमत्तेच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था), जनसुनवाई (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात ती बैठक), नामांतरण (मालमत्तेच्या नोंदीवर मालकाचं नाव बदलणं), हे तसेच ठेवा. समग्रच्या बाबतीत एवढं आवर्जून सांगा की कुटुंबाचा क्रमांक आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी, कारण फॉर्मवर निम्मी गडबड तिथेच होते.

‘सौगात’ हा शब्द मी गाळते. ‘ऐतिहासिक’ही गाळते. पैसा लोकांच्या करातून आलेला आहे, त्याला भेट म्हणणं मला पटत नाही. पक्षाचं नाव बातमी समजायला लागत नसेल तर लिहीत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या मतांची माणसं आहेत आणि कागद सगळ्यांनी वाचायचा आहे.

लिहायला बसल्यावर

शनिवारी रात्री जेवणं झाली की मी वही उघडते. साताहून जास्त बातम्या घेत नाही. ज्या बातमीला शेवटची तारीख आहे ती सगळ्यात वर, बाकीच्या कशाही लावल्या तरी चालतं. एका बातमीला तीन-चार ओळी पुरतात: काय झालं, पायरी कोणती, कुणाला लागू, आणि काय करायचं. काहीच करायचं नसेल तर तसं लिहा, लोकांचा जीव भांड्यात पडतो. मागच्या आठवड्यात चुकलं असेल तर दुरुस्ती पहिल्या ओळीत.

‘कुणाला लागू’ हे लिहिताना नियमातली वगळणारी अट आधी शोधा. तीर्थदर्शन योजनेची, म्हणजे ज्येष्ठांना सरकारी खर्चाने यात्रेला नेणारी, गाडी जाहीर झाली की सगळ्यांना रामेश्वर दिसायला लागतं, पण वय ६० पूर्ण हवं, बायकांना दोन वर्षांची सूट, आणि आयकर भरणाऱ्यांना नाही. आमच्या कॉलनीतले बरेच जण त्या शेवटच्या अटीत बाहेर पडतात. हे आधीच कळलेलं बरं, फॉर्म भरून वाट बघत बसण्यापेक्षा.

कागदाच्या तळाशी दर वेळी तेच दोन पत्ते देते. सीएम हेल्पलाईन १८१, आणि मोती तबेल्यातलं कलेक्टर कार्यालय, तिथे मंगळवारी जनसुनवाई असते. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. दाखल्यांसाठी लोकसेवा गॅरंटीचा २०१० चा कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर अपील करता येतं, त्यासाठी पावतीवरची तारीख जपून ठेवायला सांगा.

ग्रुपवर पीडीएफ टाकू नका, साधा मजकूर टाका, फोनवर अक्षर मोठं करता येतं. फळ्यावरचा कागद सोळा पॉइंटमध्ये छापा आणि चष्म्याच्या उंचीवर लावा, आमच्या फळ्यावरचा पहिला कागद इतका वर होता की बुटक्या माणसाला मान दुखेपर्यंत बघावं लागायचं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा ज्यांच्याकडे साधाच फोन आहे, अशांची यादी करा. आमच्याकडे चार जण आहेत. रविवारी चहा झाला की मी त्यांना एकेकाला फोन लावते आणि सगळा कागद सावकाश वाचते, आकडे आणि तारखा दोनदा. समोरच्या बिल्डिंगमधले ते काका आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांना मी महागाई राहतचीच ओळ आधी वाचून दाखवते.