व्याजदर हलला की आपल्या फायनान्स कंपनीला किती फटका? गॅपची शीट अशी बनवा

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेली मीटिंग नसताना मधेच रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) ४ वरून ४.४० टक्के केला, आणि त्याच आठवड्यात आमच्या संचालकांनी मला विचारलं की हे असंच वाढत गेलं तर वर्षाला आपल्याला किती फटका बसेल, आकडा सांग. माझ्याकडे आकडा नव्हता. अकाउंट्स माझ्याकडे, बँकांची लोन्स माझ्याकडे, सगळे हप्ते मला पाठ, पण हा एक आकडा मी कधी काढलाच नव्हता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० ला गेला, म्हणजे नऊ महिन्यांत अडीच टक्के, आणि आमची बरीचशी लोन्स २०२०-२१ मध्ये पैसा स्वस्त असताना पाच वर्षांसाठी फिक्स रेटने दिलेली. पुढचं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. म्हणून आता मी जी शीट दर महिन्याला बनवतो ती कशी बनवायची ते सविस्तर लिहितोय, नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या युनिट्सना मशिनरी लोन देणाऱ्या, लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना खेळतं भांडवल देणाऱ्या आपल्यासारख्या छोट्या कंपन्यांसाठी. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळी माणसं असतात, आपल्याकडे एक्सेल आहे आणि तेवढं पुरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रेट किती वाढला याने आपण मरत नाही, आपण घेतलेल्या पैशाचा रेट आधी बदलतो की आपण दिलेल्या पैशाचा, याने मरतो. सगळा खेळ तारखांचा आहे, आणि एखाद्या काळात रेट बदलणाऱ्या दिलेल्या पैशातून तसाच घेतलेला पैसा वजा केला की उरतो तो गॅप.

तर पहिलं काम, कपाटातून सगळी सँक्शन लेटर्स बाहेर काढा, बँकांनी आपल्याला दिलेली पण आणि आपण ग्राहकांना दिलेली पण. टॅलीतून लिस्ट काढून भागत नाही कारण टॅलीत रेट असतो, रिसेटची, म्हणजे रेट बदलायची तारीख नसते. बँकेच्या लेटरमध्ये बघा की रेट कशाला जोडलाय, रेपोला, एमसीएलआरला (बँक स्वतःच्या पैशाच्या खर्चावरून ठरवते तो किमान दर) की आणखी कशाला, आणि तो बदलतो कधी, लगेच, तीन महिन्यांनी की वर्षातून एकदा. ग्राहकाच्या ॲग्रीमेंटवर वर ठळक अक्षरात 'फिक्स्ड' लिहिलं असलं तरी आत एखादं कलम असतं की अमुक परिस्थितीत कंपनी रेट बदलू शकते, आणि उलटही असतं, नाव फ्लोटिंग पण रिसेट तीन वर्षांनी. एक-एक कलम वाचा. आमच्याकडे याला चार दिवस लागले आणि ते चार दिवस या सगळ्या कामातले सर्वात उपयोगी होते असं मी मनापासून सांगतो.

आता शीट. आडवे कॉलम काळाचे, ० ते ३ महिने, ३ ते ६, ६ ते १२ आणि वर्षाच्या पुढे. उभ्या रांगेत वर आपण दिलेला पैसा, खाली आपण घेतलेला. प्रत्येक रक्कम त्या कॉलममध्ये टाकायची ज्यात तिचा रेट बदलणार आहे किंवा ती रक्कम परत येऊन नव्या रेटने पुन्हा जाणार आहे. इथे बरेच जण चुकतात, फिक्स लोन पाच वर्षांचं आहे म्हणून अख्खी रक्कम शेवटच्या कॉलममध्ये टाकतात, पण त्याच्या हप्त्यातली मुद्दल दर महिन्याला परत येते आणि ती आपण नव्या रेटने देतो, म्हणजे तेवढी मुद्दल जवळच्या कॉलममध्ये यायला पाहिजे. आणि थकीत खात्यांची मुद्दल मात्र जवळ दाखवू नका, ती कागदावर उद्या येणार असते पण येत नाही, ती शेवटच्या कॉलममध्येच ठेवा. स्वतःचं भांडवल रेटच्या हिशोबात धरायचं नाही, त्याला रेट नसतो.

एक उदाहरण घेऊ, आकडे मी सोपे केलेत. समजा कंपनीचं एकूण ५० कोटी लागलंय. ३२ कोटींची फिक्स रेट मशिनरी लोन्स, ज्यांच्या हप्त्यांतून मुद्दल पहिल्या तीन महिन्यांत २ कोटी, पुढच्या तीन महिन्यांत २ कोटी आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत ४ कोटी परत येणार. ६ कोटींचं ९० दिवसांचं बिल डिस्काउंटिंग, म्हणजे ग्राहकाच्या येणं बाकी असलेल्या बिलांवर आधीच दिलेले पैसे. १० कोटींचं खेळतं भांडवल जे वर्षाला रिन्यू होतं, त्यातलं ३ कोटी ३ ते ६ महिन्यांत आणि ७ कोटी ६ ते १२ महिन्यांत. वर २ कोटींची एफडी, ती पण ६ ते १२ मध्ये सुटणार. हा पैसा आला कुठून, तर ३० कोटी बँकांचं फ्लोटिंग टर्म लोन, सगळं तीन महिन्यांत रिसेट होणारं, ८ कोटींचे फिक्स रेटचे एनसीडी (आपण काढलेले कर्जरोखे) जे तीन वर्षांनी फेडायचेत, आणि १२ कोटी स्वतःचे.

आता समजा रेट २ टक्के वाढला. वर्षभरात आपल्या बाजूने २६ कोटींचा रेट बदलतो, बँकेच्या बाजूने ३० कोटींचा. गॅप फक्त वजा ४ कोटी. कोणीही म्हणेल की ४ कोटींवर २ टक्के म्हणजे ८ लाख, चालतंय की. पण कॉलम नीट बघा. पहिल्या तीन महिन्यांत आपल्याकडे बदलतात फक्त ८ कोटी आणि बँकेचे ३० च्या ३०, म्हणजे गॅप वजा २२ कोटी. मग ३ ते ६ मध्ये अधिक ५ आणि ६ ते १२ मध्ये अधिक १३. आता प्रत्येक गॅपला वर्षातले उरलेले महिने लावायचे, कॉलमचा मध्य धरून. पहिल्या कॉलमचा मध्य दीड महिना, म्हणजे उरले साडेदहा, तर २२ कोटी गुणिले २ टक्के गुणिले साडेदहा भागिले बारा, झाले ३८.५ लाखांचं नुकसान. दुसऱ्यात उरले साडेसात महिने, फायदा ६.२५ लाख. तिसऱ्यात उरले तीन महिने, फायदा ६.५ लाख. बेरीज केली की निव्वळ नुकसान २५.७५ लाख. कुठे ८ आणि कुठे पावणेसव्वीस! छोट्या कंपनीच्या वर्षाच्या नफ्यातला हा मोठा तुकडा आहे. संचालकांना हाच आकडा पाहिजे असतो, आणि तो १ टक्का, २ टक्के आणि अडीच टक्के अशा तिन्ही धक्क्यांसाठी काढून ठेवा, कारण अडीच टक्के ही कल्पना नाही, आपण ते नऊ महिन्यांत बघितलंय.

मग लोक म्हणतात की गॅप वजा असेल तर रेट उतरताना आपल्याला फायदाच ना. कागदावर हो. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरायला लागला, जूनमध्ये एका फटक्यात अर्धा टक्का उतरून ५.५० झाला आणि डिसेंबरमध्ये ५.२५. पण दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना छोट्या उद्योगांची नवी फ्लोटिंग लोन्स बाहेरच्या बेंचमार्कला जोडणं सक्तीचं आहे, बहुतेक बँका रेपोच धरतात, पण आपल्यासारख्या कंपन्यांना बँका जे लोन देतात ते अजून बऱ्याचदा एमसीएलआरवर असतं आणि एमसीएलआर हळू उतरतो, त्यात आपला रिसेट वर्षाचा असेल तर आणखी उशीर. म्हणजे अंबडचा कारखानदार शेजारच्या युनिटचा बँक रेट बघून आपल्याकडे येतो की कमी करा, आणि आपला स्वतःचा रेट अजून तसाच. यासाठी शीटमध्ये बँक लोनच्या रांगा रेपोवाल्या आणि एमसीएलआरवाल्या अशा वेगळ्या ठेवा, एकत्र केल्या तर हे दिसतच नाही.

दुसरी गोष्ट प्रीपेमेंट, म्हणजे लोन मुदतीआधी फेडणं. रेट उतरला की चांगला ग्राहक टेकओव्हर करून बँकेत जातो, आणि चांगलाच जातो, कारण बँक त्यालाच घेते. मागे राहतो तो ज्याला कोणी घेत नाही. आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू झालेल्या फ्लोटिंग लोन्सवर व्यक्तींना आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना प्रीपेमेंट चार्ज लावण्यावर रिझर्व्ह बँकेने बंधनं आणलीत, कुठल्या कंपनीला कितपत लागू ते लेयरप्रमाणे (रिझर्व्ह बँकेने पाडलेल्या फायनान्स कंपन्यांच्या गटांप्रमाणे) वेगळं आहे, तर आपल्या सीएंना विचारून आपलं नक्की करून घ्या. शीटमध्ये मी एक वेगळी ओळ ठेवतो, रेट १ टक्का उतरला तर फिक्स लोन्सपैकी १५ टक्के मुदतीआधी बंद होतील असं धरून. १५ हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमच्या मागच्या तीन वर्षांच्या बंद झालेल्या खात्यांवरून तुमचा काढा.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वात जास्त बोलायचंय तो. रेट वाढला की पहिला विचार येतो ग्राहकाचा वाढवून टाकू, ॲग्रीमेंटमध्ये कलम आहेच. आम्ही केलं ते. ६० लाखांचं पाच वर्षांचं सीएनसी मशीनचं लोन १३ वरून १५ टक्क्यांवर नेलं तर नव्याने धरलेला हप्ता साधारण १,३६,५०० वरून १,४२,७०० होतो, म्हणजे महिन्याला सहा हजार दोनशे. वाटतं काय एवढं. पण जॉबवर्क करणाऱ्या युनिटला महिन्याअखेर हातात उरतातच पंधरा-वीस हजार, त्याचं पेमेंट कंपनीकडून तीन महिन्यांनी येतं, आणि त्याच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटचा रेट त्याच महिन्यात बँकेनेही वाढवलेला असतो. आपण आपली व्याजाची रिस्क त्याच्या खांद्यावर टाकतो आणि ती सहा महिन्यांनी थकबाकी होऊन परत आपल्याच दारात येते. म्हणून रेट वाढवायच्या आधी टॉप ३० ग्राहकांचा हिशोब काढा, नवा हप्ता धरून त्याच्याकडे येणारी रक्कम हप्त्याच्या किमान सव्वा पट राहते का. राहत नसेल तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवा, आणि हे त्याला फोन करून, समोर बसून समजावून करा, नुसतं पत्र पाठवू नका.

बाजाराची रिस्क पण आपल्याकडे अशीच ग्राहकाच्या मार्फत येते. ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, मग डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली आणि ती मे २०२४ ला उठली. आमच्या यादीत चार कांदा व्यापारी, एक ट्रान्सपोर्टवाला आणि एक गोणपाटाचा होलसेलवाला अशी सहा वेगळी खाती होती, वेगवेगळ्या धंद्यांत दाखवलेली, आणि सहाही एकदम अडकली. तेव्हापासून मी प्रत्येक खात्यापुढे एक कॉलम ठेवतो, हे खातं कशाच्या भावाने हलतं. कांदा, निर्यातीची द्राक्षं आणि सोबत युरोचा भाव, गाड्यांच्या पार्ट्सची ऑर्डर, जमीन आणि बांधकाम. आता २०२७ च्या सिंहस्थामुळे कॉन्ट्रॅक्टर लोकांची मागणी भरपूर आहे, त्यांचं सरकारी बिल कधी निघेल यावर सगळं अवलंबून, त्यांचा पण वेगळा गट करा. कुठलाही एक गट एकूण लोनच्या २० टक्क्यांवर जायला लागला की मी थांबा म्हणतो.

शिल्लक पैसा ठेवताना जास्त व्याज दिसतं म्हणून लांब मुदतीच्या बॉंडमध्ये जाऊ नका. बॉंडचं ड्युरेशन (दर हलला की किंमत किती हलते त्याचं माप) ७ असेल तर बाजारातला दर १ टक्का वाढला की त्याची किंमत सुमारे ७ टक्के पडते, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला पैसा लागतो. मार्च २०२३ ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशीच गेली, लांब मुदतीचे सरकारी बॉंड तोट्यात आणि ठेवीदार दारात.

पैशाची तंगी हे वेगळं पान करा, कारण रेट बदलतो ती तारीख आणि पैसे द्यायची तारीख एक नसते. सप्टेंबर २०१८ ला आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाली तेव्हा ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता अशा कंपन्यांना पण बँका आणि म्युच्युअल फंड पैसे देईनात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १०० कोटी आणि त्यावर मालमत्ता असलेल्या फायनान्स कंपन्यांना ७ दिवस, १४ दिवस आणि महिनाभर असे कप्पे करून तूट किती चालेल ते ठरवून दिलं, त्या त्या मुदतीपर्यंत बाहेर जाणाऱ्या एकूण पैशाच्या १०, १० आणि २० टक्के. तुम्ही १०० कोटींच्या खाली असलात तरी हेच माप स्वतःला लावा.

आता गॅप कमी कसा करायचा. स्वॅप (फ्लोटिंग व्याज फिक्समध्ये बदलून घ्यायचा करार) वगैरे आपल्या साइजला जमत नाही, बँक उभं करत नाही. जमतं ते असं, नवीन मशिनरी लोन पाच ऐवजी तीन वर्षांचं किंवा दोन वर्षांनी रिसेट होणारं द्यायचं आणि हे ग्राहकाला पहिल्याच मीटिंगला सांगायचं, बँक लोनचे रिसेट तीन वेगवेगळ्या महिन्यांत विभागून मागायचे, नव्या उधारीतला काही भाग थोडा महाग पडला तरी फिक्स रेटने घ्यायचा. त्या जादा अर्ध्या-पाऊण टक्क्यावर आमच्या बोर्डात फार वाद झाला होता. मी वरच्या उदाहरणातल्यासारखाच हिशोब मांडला, ३० पैकी १० कोटी फिक्सवर नेले तर २ टक्क्यांच्या धक्क्यात १७.५ लाख वाचतात आणि त्याची किंमत वर्षाला ५ ते साडेसात लाख पडते. मग मंजूर झालं.

शीट मी दर महिन्याच्या ५ तारखेला करतो आणि रिझर्व्ह बँकेची पॉलिसी दर दोन महिन्यांनी असते तिच्या आदल्या दिवशी एकदा, म्हणजे दुसऱ्या दिवशी संचालकांचा फोन आला की आकडा हातात असतो. पहिल्यांदा करताना दिलेल्या आणि घेतलेल्या पैशाच्या बेरजा बॅलन्स शीटशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, आमची पहिल्यांदा ४० लाखांनी चुकली होती आणि ते एक लोन दोन कॉलममध्ये पडलं होतं.