हाडांसाठी जीवनसत्त्वं: आधी सावली बघा, मग पुडी फोडा

मराठवाड्यात ऊन कमी पडतं असं कुणी म्हणणार नाही. तरी गुडघे-कंबर धरली म्हणून रक्त तपासलं की ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघतं. कारण साधं आहे. बाहेर पडताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे. आणि ‘ऊन घ्यायचं’ म्हणून बसायचं ते सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात. त्या उन्हात ‘ड’ तयार करणारे किरण जवळपास नसतातच.

‘ड’ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. १०० मिलिग्रॅम खाल्लं तर जेमतेम १० ते १५ लागू पडतं. ‘ड’ पुरेसं असेल तर ३० ते ४०. कॅल्शियमच्या गोळ्या वर्षभर खाऊनही ज्यांना फरक पडत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं गाडं इथंच अडलेलं असतं.

पायरी १: सावली मोजा

अंगणात किंवा गच्चीवर ताठ उभे राहा आणि आपली सावली पावलांनी मोजा. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. लांब असेल तर नुसती ऊब. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारासच सावली आखूड होते, म्हणून उन्हाळ्यात पावणेदहापर्यंत काम उरकावं. दुपारच्या कडाक्यात बसायची गरज नाही. डिसेंबरात मात्र साधारण साडेअकरा ते सव्वा एक एवढाच वेळ मिळतो.

हात कोपराच्या वरपर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, साठीनंतर आणखी. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच हे किरण अडवते. कातडी लाल व्हायच्या आत उठा.

पायरी २: कॅल्शियमचा हिशोब ताटात लावा

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२००. ज्वारीची भाकरी पोटाला आधार देते, पण तिच्यात कॅल्शियम नाममात्रच. ते सोबतच्या पदार्थांतून आणावं लागतं:

- दूध दोन पेले (४०० मिली): साधारण ४८० मिलिग्रॅम
- तीळ दोन मोठे चमचे (२० ग्रॅम): सुमारे २५०
- शेवग्याचा पाला ५० ग्रॅम: सुमारे १५०

उरलेलं दह्या-ताकातून आणि मेथीतून येतं. तीळ अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. भाजून, कुटून चटणीच करा. पालक आणि तांदुळजा या हिशोबात धरू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलेलं राहतं. भाजी म्हणून खुशाल खा.

गोळी घ्यायचीच असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या. लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर मध्ये चार तास जाऊ द्या.

पायरी ३: के, क आणि बी-१२

‘के’ हाडातल्या एका प्रथिनाला कॅल्शियम धरून ठेवण्याजोगं बनवतं. ते मेथी, अंबाडी अशा पालेभाज्यांत मिळतं, पण तेलाची फोडणी हवी. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला भज्जी होते, तसली मिसळीची भाजी वर्षातून एकदाच का करायची? रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मात्र पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा तोडू नका.

‘क’ हाडाच्या आतल्या कोलॅजेनच्या जाळीसाठी लागतं. आवळा, पेरू, लिंबू. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. माळकरी घरांत दूध-दही नियमित नसेल तर बी-१२ तपासून घ्या. भाज्यांतून ते मिळत नाही.

पायरी ४: पुडी हिशोबानं

रक्तातलं ‘ड’ मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. नेमकी चूक इथं होते: आठवड्याची पुडी कुणी रोज घेतं, तर कुणी आठ संपल्या की औषध दुकानातून आणखी आणून चालूच ठेवतं. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, मग मूतखडा. पुडी घ्यायचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी ती कमी लागू पडते.

कुणी आधी डॉक्टर गाठावा

उकिडवं बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता न येणं, दाबल्यावर नडगी दुखणं, लेकराचे पाय धनुष्यासारखे वाकणं. आणि ज्यांची गर्भपिशवी तरुणपणीच काढली त्या बाया. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पिशवीसोबत अंडाशयही काढलं असेल तर हाडं धरून ठेवणारं संप्रेरक एकदम थांबतं, आणि साठीला होणारी झीज चाळिशीतच सुरू होते. शस्त्रक्रियेचे कागद घेऊन जा, काय काढलं ते त्यावरच कळतं.

एक गोष्ट जीवनसत्त्वांच्या बाहेरची. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि पाठ-मान ताठरलेली असेल तर आधी पाणी तपासा. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्या-स्वयंपाकाला दुसरं पाणी किंवा आरओ वापरा. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं.