कपड्यातला अँटेना वीज देईना? आधी या चुका तपासा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की हौशी प्रयोग, जॅकेटवर अँटेना शिवून हवेतल्या रेडिओलहरींमधून वीज गोळा करायची म्हटलं की तक्रार ठरलेली: "सगळं जोडलंय, पण एलईडी लागत नाही." मग अँटेना उसवून नव्याने शिवण्याचा सपाटा सुरू होतो. बहुतेक वेळा दोष अँटेनात नसतोच. तो हिशोबात असतो, डायोडमध्ये (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागात) असतो, नाहीतर चक्क मोजण्यात.

हिशोब न करता शिवायला बसणं

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या भुयारी रेल्वेच्या २७० स्थानकांबाहेर मोजमापं घेतली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यात सरासरी ३६ नॅनोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, १८०० च्या पट्ट्यात ८४ आणि वाय-फायला जेमतेम ०.१८. तरी जो तो वाय-फायचाच अँटेना शिवतो, कारण तो लहान असतो आणि त्याचे आराखडे नेटवर आयते मिळतात. राउटरशेजारी बसून राहणार असाल तर ठीक, रस्त्यावर त्यातून काही हाती लागत नाही.

९०० मेगाहर्ट्झला साध्या डायपोलचं (दोन सरळ भुजांच्या अँटेनाचं) प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे तो जेवढ्या जागेतली ऊर्जा गोळा करतो ती जागा, साधारण सव्वाशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे वरच्या सरासरीने साडेचार मायक्रोवॅट. अंगावर चढवल्यावर आणि डायोडमधून गेल्यावर त्यातला दहावा हिस्सा उरला तरी नशीब म्हणायचं. यावर एलईडी सतत पेटणार नाही. कपॅसिटरमध्ये साठवून बऱ्याच वेळाने सेन्सरचं एखादं रीडिंग घेता येईल, एवढंच. तोही गळका निघाला तर आलेली वीज आतच जिरते.

आणखी एक: टॉवरकडून फोनकडे येणारा पट्टा ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झचा. ८९० ते ९१५ मध्ये फोन टॉवरशी बोलतो. तिथे अँटेना जुळवलात तर शेजारच्याने फोन लावला की व्होल्टेज दिसतं, एरवी शुकशुकाट.

ड्रॉवरमधला डायोड

वन-एन ४१४८ हा नेहमीचा सिलिकॉन डायोड लावू नका. त्याची धारिता (कपॅसिटरसारखं वागण्याचं माप) ४ पिकोफॅरडपर्यंत असते. ९०० मेगाहर्ट्झला तो जवळपास ४४ ओहमचा आडमार्ग होतो आणि सिग्नल एकदिश न होता तिथूनच निसटतो. शिवाय सिलिकॉनला चालू व्हायला अर्ध्या व्होल्टहून जास्त लागतं, तेवढं इथे आणायचं कुठून? एसएमएस ७६३० सारखा, कमी व्होल्टेजला चालू होणारा शॉट्की डायोड घ्या, धारिता ०.१४ पिकोफॅरड.

कापड आणि पाणी

सुती कापड हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जीन्सच्या कापडाचा परावैद्युतांक (हा जितका जास्त, तितकी अँटेनाची फ्रिक्वेन्सी खाली) दीडच्या थोडा वर, पाण्याचा ऐंशीच्या घरात. म्हणून मे महिन्यात पुण्यात जुळवलेला अँटेना जुलैत मुंबईला खालच्या फ्रिक्वेन्सीवर सरकलेला दिसतो. खात्री सोपी आहे. मंद इस्त्री फिरवा, गार होऊ द्या, पुन्हा मोजा. फ्रिक्वेन्सी वर आली तर आराखड्याला हात लावू नका, आधी कापड बदला. पॉलिस्टर फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड) चांगलं.

शरीराचंही तेच. स्नायूचा परावैद्युतांक पन्नासच्या वर, त्यामुळे अंगाला चिकटलेला डायपोल कामातून जातो. पॅच, म्हणजे मागे धातूचा अखंड थर (ग्राउंड) असलेला सपाट अँटेना, घ्या. ९०० मेगाहर्ट्झला फेल्टवर तो चौदा सेंटिमीटर लांब होतो. पाठीवर बसतो, बाहीवर नाही.

धाग्याबद्दल दोन शब्द. जुन्या पैठणीची जरी वापरायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. खऱ्या चांदीच्या जरीची गोष्ट निराळी, पण आज बाजारात मिळणारी बरीचशी जरी म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी, वर लाखेसारखं आवरण. एक वीतभर धागा मल्टिमीटरला लावून बघा, उत्तर मिळेल.

मोजण्यातली फसगत

नॅनोव्हीएनएवर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) उणे २५ डेसिबल दिसलं, म्हणजे जवळपास काहीच परत आलं नाही, म्हणून पेढे वाटू नका. पन्नास ओहमचा रेझिस्टर लावला तरी तसाच झक्कास आकडा येतो, आणि त्याला कुणी अँटेना म्हणत नाही. ओलसर कापड, जास्त रोधाचा धागा यांच्यात ऊर्जा जिरली तरी आलेख सुंदरच दिसतो.

मल्टिमीटरचंही तेच. "२०० मिलिव्होल्ट आले!" पण मीटरचा रोध १० मेगाओहम, त्यावर २०० मिलिव्होल्ट म्हणजे ४ नॅनोवॅट. पाच किलोओहमचा लोड (रेझिस्टर) जोडून मोजा. तिथे ५० मिलिव्होल्ट मिळाले तर तो अर्धा मायक्रोवॅट, म्हणजे खरी कमाई. आणि मोजताना स्वतःचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

लोडवरचं व्होल्टेज मधूनच शून्य होत असेल तर सोल्डरचा सांधा बघा. साधं सोल्डर कापडात झिरपून कडक होतं आणि नेमकं कडेला, मऊ कापड सुरू होतं तिथे, तडा जातो. पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे १३८ अंशांवर वितळणारं बिस्मथचं सोल्डर वापरा आणि सांध्याच्या मागून जाड कापडाचा तुकडा शिवा. मग मीटर लावलेला असतानाच बाही दुमडून बघा.