पत्रकारिता कमी खर्चात, पण नीट शिकायची असेल तर: महाराष्ट्रातला अभ्यासक्रम कसा निवडावा

बारावीचा निकाल लागला की माध्यमांच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती सुरू होतात. चकचकीत स्टुडिओ, हातात माइक घेतलेली मुलगी आणि खाली बारीक अक्षरात वर्षाला दोन-तीन लाखांची फी. त्याच शहरातल्या सरकारी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाची फी त्याच्या काही अंशांतच असते, पण त्याची जाहिरात सहसा दिसत नाही. दोन-चार आठवड्यांची अर्जाची मुदत संपून गेल्यावर बऱ्याच जणांना तो विभाग असल्याचं कळतं. म्हणून शोध निकालानंतर नाही, जानेवारीतच सुरू करा.

आधी ठरवा: बारावीनंतर की पदवीनंतर?

इंजिनीअरिंगला किंवा वैद्यकीयला बारावीची शाखा महत्त्वाची असते. पत्रकारितेचं तसं नाही. विद्यापीठांच्या विभागांतल्या एमएला किंवा पदव्युत्तर पदविकेला साधारणपणे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बीएस्सी, बीकॉम, कृषी, काहीही. त्यामुळे बहुतेकांसाठी सर्वात स्वस्त आणि आमच्या मते सर्वात भक्कम वाट अशी: आधी घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मराठी किंवा विज्ञान घेऊन पदवी करायची आणि मग विद्यापीठाच्या विभागात पत्रकारिता शिकायची. बातमी कशी लिहायची हे एका वर्षात शिकता येतं. महापालिकेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, पीकविम्याचं गणित कसं चालतं, हे कळायला मुळात एखादा विषय पक्का असावा लागतो.

इथे 'अनुदानित' हा शब्द नीट समजून घ्या, कारण पैशाचा मोठा फरक तिथेच पडतो. एकाच महाविद्यालयात, एकाच इमारतीत बीए अनुदानित असतं आणि माध्यमांची पदवी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असते. अनुदानित वर्गाच्या शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून फी कमी. विनाअनुदानित वर्गाचा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. नावाजलेलं महाविद्यालय आहे म्हणून फी कमीच असेल, असं गृहीत धरू नका. चौकशीच्या खिडकीवर थेट विचारा: "हा अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित?"

बारावीनंतर लगेच माध्यमांची पदवी घेणं चुकीचं नाही. जाहिरात, चित्रीकरण, ध्वनी, ग्राफिक्स यांत हात बसवायचा असेल तर तीन वर्षांचा सराव उपयोगी पडतो. मुंबई विद्यापीठातला पूर्वीचा बीएमएम हा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम आता बीएएमएमसी या नावाने चालतो आणि मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी तो मराठी माध्यमातूनही चालवला आहे. मराठी वर्गाची फी आणि प्रवेशाची टक्केवारी इंग्रजी वर्गापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही विचारा.

कुठे कुठे शोधायचं

पहिल्यांदा आपल्या विभागातलं सरकारी विद्यापीठ. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमुळे ओळखला जातो. मुंबई विद्यापीठात जनसंवाद व पत्रकारिता विभाग आहे, शिवाय कलिन्याच्या गरवारे संस्थेतले अभ्यासक्रम आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, सोलापूरला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ: या सगळ्यांकडे माध्यमांचे विभाग आहेत. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे. हिंदीतून काम करायचं असेल तर विदर्भातल्या मुलांना ते जवळ पडतं.

दुसरं नाव भारतीय जनसंचार संस्थेचं, म्हणजे आयआयएमसीचं. १९६५ साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेचं एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका शिकवली जाते. दिल्लीला जाण्याचा आणि राहण्याचा खर्च टाळून राष्ट्रीय संस्थेत शिकण्याचा हा मार्ग मराठी मुलांच्या फारसा लक्षात येत नाही. संस्थेच्या इंग्रजी-हिंदी अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा लागते. भारतीय भाषांच्या पदविकांची प्रवेशपद्धत वेगळी राहिलेली आहे, म्हणून त्यांची सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे शोधा.

सीयूईटी-पीजी एकदा दिली की हैदराबाद, वाराणसीसारख्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यापीठांचेही दरवाजे उघडतात. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. माध्यमांची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञा त्या भाषांत वाचून जावं, नाहीतर माहीत असलेलं उत्तरही चुकतं.

नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. दोघांनीही पत्रकारितेचे अभ्यासक्रम चालवले आहेत. यंदा कोणते सुरू आहेत ते माहितीपुस्तिकेत बघा. दूरशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण मंडळाची, म्हणजे डीईबीची, त्या वर्षाची मान्यता हवी आणि प्रवेशासाठी विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो. छोट्या वृत्तपत्रात आधीच काम करणाऱ्या वार्ताहराला हा मार्ग फार चांगला. ज्याने अजून एकही बातमी लिहिलेली नाही, त्याला मात्र घरबसल्या मजकूर वाचून पत्रकारिता येणार नाही. त्याने वर्गातच बसावं.

पदवी की पदविका

एक वर्षाची पदव्युत्तर पदविका स्वस्त पडते आणि एक वर्ष लवकर कामाला लावते. पण पुढे प्राध्यापक व्हायचं असेल, त्यासाठीची नेट-सेट ही पात्रता परीक्षा द्यायची असेल, तर पदव्युत्तर पदवी लागते, पदविका पुरत नाही. नेटसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तरला ५५ टक्के गुण लागतात. सरकारी माहिती खात्यातल्या पदांवर डोळा असेल तर मागच्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेतला शब्दन् शब्द तुम्ही घेणार असलेल्या प्रमाणपत्राच्या नावाशी ताडून पाहा. खासगी संस्थेची 'स्वायत्त पदविका' अनेकदा इथेच अडते.

खरा खर्च मांडायचा कसा

वार्षिक फीचा एकच आकडा ऐकून परत येऊ नका. पूर्ण शुल्क तक्ता लेखी मागा. त्यात शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, विकास निधी, पात्रता शुल्क आणि अनामत अशा ओळी असतात. अनामत परत मिळते, बाकीचं मिळत नाही. शिष्यवृत्ती मुख्यतः शिकवणी आणि परीक्षा शुल्कावर मिळते. एखाद्या संस्थेने शिकवणी शुल्क कमी दाखवून 'इतर शुल्क' फुगवलं असेल तर शिष्यवृत्ती मिळूनही खिसा रिकामाच होतो. दुसऱ्या वर्षाची फी वाढते का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

मग राहण्याचा खर्च. समजा, पुण्यातल्या विभागाची फी वर्षाला २५,००० आहे. कॉटबेसिसवर खोली ६,००० आणि मेस ३,५०० धरली तर महिना ९,५०० होतो. दहा महिन्यांचे ९५,०००. म्हणजे वर्षाला १,२०,००० आणि दोन वर्षांचे २,४०,०००, त्यातली फी फक्त ५०,०००. आता तुमच्याच जिल्ह्यातल्या विद्यापीठात तेवढीच फी आणि एसटीचा पास घेऊन जाता येत असेल, तर फरक दीड लाखाच्या वर जातो. त्या पैशांतून लॅपटॉप, चांगला रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचा एक लेपल माइक येऊनही पैसे उरतात. मोठ्या शहराचा खरा फायदा संपादकीय कार्यालयं जवळ असण्यात आहे. तो फायदा दुसऱ्या सत्रानंतरच्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिथे जाऊन राहिलं तरी मिळतो.

कर्ज काढायचं झालं तर आधी हप्ता काढा. ६ लाख रुपये, १० टक्के व्याज, ७ वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे ९,९६० रुपये येतो, आणि त्यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. मराठी माध्यमांत नव्याने लागलेल्या उपसंपादकाला आपल्या शहरात किती पगार मिळतो, हे दोन-तीन जणांना विचारा आणि हा हप्ता त्याच्या शेजारी लिहा. पत्रकारितेसाठी मोठं कर्ज काढू नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

विभाग स्वतः बघून या

एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत माध्यमांच्या अभ्यासक्रमांसाठी वेगळा गटच नाही. त्यामुळे 'देशातली अव्वल पत्रकारिता संस्था' हा दावा कुणाच्या यादीवरून केला आहे, ते विचारा आणि प्रत्यक्ष भेटीवर जास्त विश्वास ठेवा. जाताना चालू वर्गाचा दिवस निवडा, प्रवेशाच्या मेळाव्याचा नको.

विभागात गेल्यावर विद्यार्थ्यांनी काढलेलं प्रायोगिक वृत्तपत्र मागा. शेवटचे तीन अंक हातात घ्या. तारखा महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने आहेत की तिन्ही अंक परीक्षेच्या आधी एकदम छापलेत? बातम्यांत गावाचं नाव, आकडे, दोन बाजूंची माणसं बोललेली दिसतात, की विभागातल्या समारंभांचेच वृत्तांत भरलेत? छायाचित्राखाली काढणाऱ्याचं नाव आहे का? हे तीन अंक माहितीपुस्तिकेच्या चाळीस पानांपेक्षा जास्त सांगतात.

स्टुडिओ दाखवतील तेव्हा त्याच्या काचेपेक्षा वेळापत्रक बघा. ४० जणांच्या वर्गाला २ कॅमेरे आणि आठवड्यात चार-चार तासांची दोन प्रात्यक्षिकं असतील, तर एकूण १६ कॅमेरा-तास झाले. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला २४ मिनिटं. मोठी फी भरूनही हेच गणित निघत असेल तर ती फी कशाची, हा प्रश्न तिथेच विचारा. उलट, साध्या विभागाकडे सामुदायिक रेडिओ असेल तर ती मोठी जमेची बाजू. पुणे विद्यापीठाची १०७.४ एफएमवरची 'विद्यावाणी' किंवा मुंबई विद्यापीठाचा १०७.८ वरचा 'मस्ट रेडिओ' अशा ठिकाणी आवाज आणि संहितेचा खरा सराव होतो.

आणखी तीन गोष्टी विचारा: पूर्णवेळ शिक्षक किती, मागच्या वर्षीचे विद्यार्थी कोणत्या कार्यालयांत इंटर्नशिपला गेले, आणि मराठी युनिकोड टंकलेखन शिकवतात का. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण जुन्या फॉन्टवर हात बसलेल्या मुलांना पहिल्याच नोकरीत सगळं नव्याने शिकावं लागतं.

शिष्यवृत्ती: पैसे कुठे अडकतात

राज्य शासनाच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (उत्पन्न २.५ लाखांपर्यंत), त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. त्यांच्यातल्या ज्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना. इतर प्रवर्गांसाठी त्यांच्या त्यांच्या योजना, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. निवडलेला अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा. तो माणूस कार्यालयात सर्वात उपयोगी असतो.

मुलींच्या बाबतीत एक गैरसमज खूप पसरला आहे. २०२४ च्या शासन निर्णयाने शिकवणी आणि परीक्षा शुल्काची जी पूर्ण माफी झाली ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. पत्रकारितेचे प्रवेश बहुतेक ठिकाणी विद्यापीठ किंवा महाविद्यालय स्वतःच देतं. म्हणून 'मुलींना सगळं मोफत' असं धरून हिशोब मांडू नका, लेखी खात्री करा.

अर्ज अडतात ते बहुधा कागदांपायी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा असतो, जातवैधता प्रमाणपत्र नसतं, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच अर्ज करा. मंजुरीनंतर पोर्टलवर 'रिडीम' करायचं, म्हणजे मंजूर रक्कम खात्यात मागवायचं, राहिलं तरी पैसे अडकू शकतात.

विद्यापीठाच्या आवारात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर तिचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, जागा लवकर भरतात.

पैसे भरण्याआधी

यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आणि बनावट विद्यापीठांची यादी, दोन्ही तपासा. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' तुमच्या गावातल्या दोन खोल्यांत चालत असेल तर तिथे पैसे भरू नका. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला राज्याबाहेर अशी केंद्रं चालवता येत नाहीत.

मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळून लगेच परत घ्या. संस्थेने ते अडकवून ठेवणं यूजीसीच्या नियमाविरुद्ध आहे. सरकारी विभागाची यादी उशिरा लागते, म्हणून अनेक जण आधी खासगीत फी भरतात. तसं करावंच लागलं तर पावती आणि परताव्याचा नियम जपून ठेवा. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली फी परत द्यायला सांगितलं होतं. यंदाच्या तारखा यूजीसीच्या परिपत्रकात बघा आणि रद्दचा अर्ज तोंडी नको, ई-मेलने करा. ई-मेलवर तारीख राहते.