तक्ता कुठे घ्यावा आणि मांडणी स्टाइलशीटवर कुठे सोपवावी

वेबपानासाठी तक्ता वापरावा की स्टाइलशीट (पानाचे रूप आणि मांडणी ठरवणारे नियम), हा प्रश्न बहुतेक जण पान कसे दिसते यावरून सोडवतात आणि तिथेच फसतात. दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसायला हव्यात एवढ्याच कारणाने टेबल टॅग (एचटीएमएल या पान लिहिण्याच्या भाषेतली तक्त्याची खूण) घेऊ नये. त्या शेजारी असण्याने अर्थात काही भर पडते का, हे आधी पाहावे. त्यासाठी पानाचा कच्चा आराखडा कागदावर काढावा आणि प्रत्येक स्तंभाला मथळा देता येतो का, ते करून पाहावे. एसटीच्या वेळापत्रकात ‘सुटण्याची वेळ’, ‘मार्ग’, ‘फलाट’ हे मथळे सहज बसतात आणि ‘६:४५’ हा आकडा त्या मथळ्यावाचून व त्या ओळीतल्या गावावाचून निरर्थक ठरतो, म्हणून तो खरा तक्ता आहे. याउलट डावीकडे मेनू, मध्ये लेख आणि उजवीकडे सूचना अशा पानात मेनूतल्या तिसऱ्या दुव्याचा लेखातल्या तिसऱ्या परिच्छेदाशी काडीचाही संबंध नसतो. ती केवळ मांडणी आहे आणि ते काम सीएसएसचे, म्हणजे स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात तिचे, आहे.

एके काळी मांडणीसाठी तक्ते वापरले जात, त्याला कारण होते. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली खरी, पण ब्राउझरांनी ती नीट राबवायला वर्षे घेतली. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ तर रुंदीतच पॅडिंग (मजकूर आणि कड यांमधली मोकळी जागा) आणि कडाही मोजत असे, त्यामुळे एका ब्राउझरात जुळलेले पान दुसऱ्यात विसकटत असे. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये केवळ मांडणीसाठी तक्ते वापरू नयेत असे स्पष्ट सांगितलेले असूनही लोक तक्त्यात तक्ता घालत राहिले आणि मोकळी जागा राखायला एक पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणत राहिले. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत सीएसएस ग्रिड (ओळी-स्तंभांत मांडणी करण्याची सोय) आले, तेव्हापासून मात्र ही सबब उरलेली नाही.

तक्त्याच्या मांडणीत नेमके काय बिघडते, ते मला एका वाचनालयाचे पान करताना कळले. मी दोन ओळींचा तक्ता केला होता: वरच्या ओळीत ‘नवी पुस्तके’ आणि ‘वाचनालयाची वेळ’ ही दोन शीर्षके, खालच्या ओळीत त्या त्या शीर्षकाखालचा मजकूर. पडद्यावर सारे नीटनेटके दिसत होते. पण तक्ता ओळीओळीने लिहिलेला असतो आणि स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) तो त्याच क्रमाने वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी ‘नवी पुस्तके’, लगेच ‘वाचनालयाची वेळ’ आणि त्यानंतर पुस्तकांची यादी ऐकू येत होती, म्हणजे यादी चुकीच्या शीर्षकाखाली गेली होती. मोबाइलवर तर दोन्ही स्तंभ इतके आक्रसले, की पुस्तकांची नावे ओळीला एकेक शब्द अशी उतरू लागली.

म्हणून मांडणी करताना प्रथम स्टाइलशीट बाजूला ठेवून नुसते एचटीएमएल लिहावे आणि ते वरून खाली वाचून पाहावे. तसे वाचताना अर्थ लागला, तरच पुढे जावे. हेडर (माथा), नॅव्ह (दुवे), मेन (मुख्य मजकूर), असाइड (जोडमजकूर) आणि फूटर (तळ) हे टॅग त्यासाठीच आहेत. नुसत्या एका दिशेने लावायच्या गोष्टींना, उदाहरणार्थ मेनूतल्या दुव्यांना, सीएसएसची फ्लेक्स ही मांडणीपद्धत पुरते. ओळी आणि स्तंभ दोन्ही सांभाळायचे असतील, तर ग्रिड घ्यावे. आधी मोबाइलसाठी एकच स्तंभ ठेवावा आणि पुरेशी रुंदी मिळाल्यावर मीडिया क्वेरीने (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या सीएसएसच्या अटीने) दोन किंवा तीन स्तंभ करावेत. ग्रिडमध्ये स्तंभाची रुंदी नुसती ‘१एफआर’ (उरलेल्या जागेचा एक वाटा) लिहिली, तर एखादा न तुटणारा लांबलचक वेबपत्ता किंवा मोठे चित्र तो स्तंभ फुगवते आणि शेजारच्याला दाबते. किमान आणि कमाल रुंदी सांगणाऱ्या ‘मिनमॅक्स’मध्ये किमान रुंदी शून्य दिली, की ही कटकट मिटते. आणखी एक मोह टाळावा लागतो: ग्रिडमध्ये ‘ऑर्डर’ वापरून खालची गोष्ट वर दाखवता येते, परंतु टॅब कळ मूळ क्रमानेच फिरते आणि पडद्यावरची निवड इकडून तिकडे उड्या मारू लागते.

जिथे माहिती खरोखर तक्त्याची आहे, तिथे मात्र ‘टेबल वाईट’ असे कुठेतरी ऐकून डिव्हच्या, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या टॅगच्या, चौकटी रचत बसू नये. तो अतिरेकही मी पुष्कळ पाहिला आहे. तक्त्याला कॅप्शन (शीर्षक) द्यावे, मथळ्यांच्या सेलसाठी (चौकोनांसाठी) टीएच हा टॅग वापरून तो मथळा ओळीचा आहे की स्तंभाचा हे ‘स्कोप’ने सांगावे, म्हणजे सेलमधून सेलमध्ये जाताना स्क्रीन रीडर ‘फलाट, ४’ असे मथळ्यासकट वाचू शकतो. अरुंद पडद्यासाठी तक्ता एका वेष्टनात घालून त्या वेष्टनाला आडवे सरकू द्यावे. खुद्द तक्त्याचे ‘डिस्प्ले’ (घटक कसा मांडायचा हे सांगणारा सीएसएसचा गुणधर्म) बदलले, तर काही ब्राउझरांत स्क्रीन रीडरसाठी त्याचे तक्तेपणच हरवते.

ईमेलची गोष्ट निराळी आहे. विंडोजवरचे जुने, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुक २००७ पासून वर्डच्या यंत्रणेने पत्रे दाखवत आले आहे आणि त्या यंत्रणेला फ्लेक्स किंवा ग्रिड कळत नाही. त्यामुळे वृत्तपत्रिका पाठवायची असेल, तर सुमारे ६०० पिक्सेल रुंदीचा तक्ता आणि टॅगमध्येच लिहिलेली शैली हाच आजही भरवशाचा मार्ग आहे. अशा तक्त्याला, तसेच लगेच बदलता न येणाऱ्या जुन्या पानांवरच्या मांडणीच्या तक्त्यांना, ‘रोल’ या गुणधर्मात ‘प्रेझेंटेशन’ हे मूल्य द्यावे, म्हणजे स्क्रीन रीडर ओळी-स्तंभांची मोजदाद न सांगता थेट मजकूर वाचतो. एकात एक तक्ते असतील, तर हे मूल्य प्रत्येकाला वेगळे द्यावे लागते, आणि त्यांत कॅप्शन राहून गेले असल्यास ते काढावे आणि टीएचचे साधे टीडी (मजकुराच्या सेलचे टॅग) करावेत.