जुना ही-मॅन रंगवायचाय? आधी त्याचं डोकं दाबून बघा

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरनं खेळण्यांचा डबा खाली येतो, आत ही-मॅनचे केस टकले झालेले, जी.आय.ज्यो या सैनिक-बाहुल्याच्या नाकावरचा रंग उडालेला, आणि मग कोणतरी नेटवर बघून स्प्रेचा डबा विकत आणतो. थांबा जरा.

बाहुला दुर्मिळ असेल आणि मूळ रंग बऱ्यापैकी टिकलेला असेल तर हात लावू नका, रिपेंट केलेल्या, म्हणजे परत रंगवलेल्या पीसला जुनी खेळणी जमवणारे कमी पैसे देतात. आणि विकलात तर रिपेंट आहे हे सांगून विका. हे सगळं रंग घासून घासून गेलेल्या बाहुल्यांसाठी आहे.

साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, सुकवा. ही-मॅनचं डोकं गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवलं की नरम पडतं आणि ओढून निघतं. ज्योच्या पाठीत स्क्रू असतो, तो काढा, कमरेतलं रबर तुटलेलं असलं तर आत्ताच बदला. नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, त्यातल्या अ‍ॅसिटोनने कडक प्लास्टिक विरघळतं.

आता खरी गोष्ट. एकाच बाहुल्यात दोन जातीचं प्लास्टिक असतं. 1982 साली मॅटेलने काढलेल्या ही-मॅनची छाती कडक, एबीएस नावाच्या प्लास्टिकची, पण डोकं मऊ, पोकळ, पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं. अंगठ्याने दाबा, कळेल लगेच. हे मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत प्लास्टिसायझर घालतात, तेलासारखं असतं ते, आणि वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतं. त्यावर ऑइल पेंट किंवा सॉल्व्हंटवाला स्प्रे मारला की ते रंगात मिसळतं आणि रंग चिकट तो चिकटच राहतो.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी जुलैत ही-मॅनच्या केसांना घरातला उरलेला पिवळा ऑइल पेंट लावला, झकास दिसत होता. दुसऱ्या दिवशी चिकट. म्हटलं गोव्याचा पाऊस, कपडे चार दिवस सुकत नाहीत तर रंग काय सुकणार, म्हणून पंख्याखाली ठेवला. चवथ आली, चिकट. दिवाळीला नरकासुर जाळून घरी आलो, ऑक्टोबरचं कडक ऊन पडून गेलेलं, तरी बोट लावलं तर ठसा उठला आणि केसांत मांजराचे केस अडकलेले! तेव्हा कळलं की पावसाला उगाच शिव्या घातल्या. ते डोकं गेलंच, शेवटी दुसऱ्या मोडक्या ही-मॅनचं डोकं बसवलं.

म्हणून माझा नियम एकच, मऊ भागावर फक्त पाण्याचा अ‍ॅक्रिलिक, ब्रशने. "आधी स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारा" हा सल्ला सगळीकडे दिसतो, तो कडक प्लास्टिकच्या मॉडेलवाल्यांचा आहे, मऊ डोक्याला तो लावू नका. प्रायमर हवाच असेल तर ब्रशने लावायचा, पाण्यावरचा घ्या. आणि आधी टेस्ट करा, मानेच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर एक ठिपका लावा, तीन-चार दिवस थांबा, अंगठ्याने जोरात दाबा. ठसा उठला नाही तरच पुढे. बाहुला आधीपासूनच चिकट लागत असेल तर परत साबणाने धुवा आणि पुसा, त्या चिकटावर कुठलाच रंग टिकत नाही. टेस्टला कंटाळा करणाऱ्यांनी मला नंतर विचारू नये.

बाकी सोपं आहे. दाट एक थर नको, पातळ तीन-चार द्या, मधे नीट सुकू द्या. डोळे टूथपिकच्या टोकाने. सांध्यांत जिथे घासतं तिथे रंग लावूच नका, दोनदा हात फिरवला की निघतो आणि खपल्या आत जातात. वरून ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वार्निश, तेही डिसेंबरात, कारण इथे मात्र पाऊस खरंच नडतो, दमट हवेत मॅट वार्निश कधीकधी पांढरट पडतं.

ज्यो रंगवणार असाल तर रंग अमेरिकन फोटो बघून ठरवू नका. फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचे आपल्याकडचे ज्यो कितीतरी वेळा वेगळ्याच रंगात यायचे, आणि फनस्कूलची फॅक्टरी आपल्या गोव्यातल्या खोर्लीत असताना आपणच चुकीचा हिरवा मारायचा म्हणजे कमाल झाली.

सुकल्यावर सगळ्यांना एकाच डब्यात कोंबू नका. मऊ हात कडक प्लास्टिकला महिनोन्‌महिने टेकून राहिला तर त्याच प्लास्टिसायझरने तिथे वितळल्यासारखा डाग पडतो. प्रत्येकाला साध्या कागदात वेगळा गुंडाळा, आणि माळ्यावर पत्र्याखाली नको, खाली कपाटात ठेवा.